युझूला फळ येऊ नये म्हणून

आमच्या खोऱ्यात जानेवारीच्या मध्यावर फळझाडांना धमकी द्यायची पद्धत आहे. एकाने कुऱ्हाड घेऊन झाडासमोर उभं राहायचं आणि दरडावायचं, "फळशील का, की घालू घाव?" दुसऱ्याने झाडामागे उभं राहून झाडाच्या वतीने कबूल व्हायचं, "फळेन, फळेन." मग सालीवर कुऱ्हाडीने बारीक टवका काढायचा आणि त्या जखमेत लाल अझुकी चवळी घातलेली भाताची पेज भरायची. आधी भीती, मग खाऊ. आमच्या शाळेतही हीच पद्धत होती, फक्त पेज नव्हती.

कुऱ्हाड गेली काही वर्षं माझ्या हातात असते, कारण गावच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, खजिनदार आणि एकुलता एक सभासद मी आहे. खालच्या गावातल्या शेतकी शाळेत शिकलो आणि आता सहकारी संस्थेच्या शेडमध्ये युझू, म्हणजे आमची जाड सालीची सुवासिक लिंबं, निवडतो. गुळगुळीत ते खोक्यात, खरबरीत ते रसात. तेव्हा झाडांना दम द्यायला हा लायक आहे, असं सगळ्यांचं मत.

गेल्या जानेवारीत मी निशिउचींच्या अंगणातल्या युझूसमोर उभा होतो. सात-आठ हात उंच, बारमाही गर्द हिरवं, बोटभर काट्यांचं झाड. बर्फ पडला की त्या पांढऱ्यात ते एवढं उठून दिसायचं, की घाटातून जाणारे लोक गाडी थांबवून फोटो काढायचे. फळ मात्र एकदाही नाही. गाव त्याला 'शोभेचं युझू' म्हणायचं. झाडामागे घरमालक हिसानोरी निशिउची, म्हणजे आमचे हिसा-सान, वय शहात्तर. बाजूला पेजेचा वाडगा घेऊन त्यांच्या पत्नी फुमिए-सान.

"फळशील का, की घालू घाव?" मी दरडावलं.

झाडामागून काही आलं नाही. मी पुन्हा विचारलं. "हं," असं काहीसं ऐकू आलं.

"हिसा-सान, 'हं'वर कुऱ्हाड थांबत नाही. स्पष्ट बोलायला सांगा झाडाला."

"बोललं की ते."

"काय बोललं?"

"जे बोलायचं असतं ते."

"मग मला कसं ऐकू आलं नाही? कामेजिरो आजोबांचं पर्सिमॉनचं झाड गेल्या वर्षी असं बोललं, की कुत्री भुंकली."

एवढं बोलून मी झाडाच्या बाजूने डोकावलो आणि माझी थट्टा तोंडातच राहिली. हिसा-सानांनी काट्यांसकट एक फांदी घट्ट धरली होती. त्या गारठ्यात त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. झाडाकडे पाहून, पाय धरावेत तशा आवाजात, ते म्हणाले, "फळेन. फळेन, बाबा."

फुमिए-सान पेज भरता भरता नवऱ्याकडे बघत होत्या.

हा घाम कशाचा, ते मला नोव्हेंबरात कळलं. पण तुम्हाला तोवर ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे असं मानतात, की युझूचं बी आपल्या हाताने जमिनीत टोचलं, तर त्या झाडाला पहिलं फळ धरतं त्या वर्षी टोचणारा जातो. कलमाला हा नियम नाही. करातची या रानलिंबाच्या काटेरी खुंटावर डोळा भरला की चौथ्या वर्षी फळं येतात आणि कोणी मरत नाही, कारण कलम म्हणजे दुसऱ्याच झाडाचा तुकडा. नियम चुकवायची माणसाची ही जुनी युक्ती. बियापासूनचं युझू अठरा वर्षं घेतं, म्हणून ते कोणाला हवंच असलं, तर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बोलावून बी टोचून घेतात. कामेजिरो आजोबांनी अशी निम्म्या खोऱ्याची झाडं लावली. त्यातली तीन फळली, तरी आजोबा आहेत. आता लोकांचा आजोबांवरचा विश्वास थोडा उडालाय, नियमावरचा नाही.

शाळेत मला एवढंच शिकवलं होतं, की बियापासूनचं युझू वेळ घेतं. माणूस घेतं, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

हिसा-सान घाटापलीकडचे. लग्न करून फुमिए-सानच्या घरी राहायला आले आणि जन्मभर डोंगरात देवदार तोडले. यांत्रिक करवत वर्षानुवर्षं धरून त्यांच्या बोटांतलं रक्त गेलं. थंडीत ती मेणबत्त्यांसारखी पांढरी पडतात आणि त्यांना टोचलेलं कळत नाही. पडणाऱ्या झाडाखालून उडी मारून बाजूला झालेला हा माणूस, एकदा नाही, कैकदा, आणि संध्याकाळी तेच हसत सांगणारा. डोंगरात त्यांना घाबरलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

पंचवीस वर्षांपूर्वी फुमिए-सानच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. आता पुढे काय, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाला, "बघू." हिसा-सान सांगतात, देवदार कोसळतो तेव्हा निदान कोणत्या बाजूला ते आधी करकरून सांगतो. 'बघू' कोणत्याच बाजूला कोसळत नव्हतं.

फुमिए-सान घरी आल्या, अर्ध्या झालेल्या. दिवसभर ओसरीवर उन्हात बसायच्या. एका संध्याकाळी हिसा-सान डोंगरावरून आले तर ओसरीच्या कडेला एका तडा गेलेल्या वाडग्यात दोन पानांचं रोप.

"हे काय?"

"युझू. बी टोचलं होतं."

"कोणी?"

"मी. या घरात आणखी कोण आहे?"

हिसा-सान पायरीवर बसले. बुटांच्या नाड्या सोडायच्या राहूनच गेल्या. रोप उपटावं, तर उपटणं नियमात कसं धरतात ते माहीत नाही. बायकोला सांगावं, तर ती नुकती कुठे भात खायला लागलेली, भीतीनेच जायची. विचारावं कोणाला? सगळं गाव तिचं माहेर. शेवटी त्यांनी ठरवलं, की काही करायचं नाही, थंडीला करू द्यायचं. रोप अंगणात लागलं, पण दर हिवाळ्यात बाकीच्यांनी आपापली रोपं पेंढ्याने गुंडाळली तेव्हा हिसा-सान नेमके डोंगरावर कामाला. परत आले की बघतात तर फुमिए-सानांनी स्वतः रोपाला पेंढ्याचा सदरा घातलेला.

मग तो मोठ्या गारठ्याचा हिवाळा आला. खोऱ्यातली संत्री गेली, लिंबं गेली, माझ्या आजीचं पपनस काळं ठिक्कर पडलं. निशिउचींच्या युझूने सगळी पानं गाळली. हिसा-सान आठवडाभर गाणं गुणगुणत होते, असं म्हणतात. मे महिन्यात काठीसारख्या फांद्यांवर काट्यांच्या बेचक्यांतून हिरवे ठिपके फुटले. युझूच्या कुळात थंडीला न जुमानणारं दुसरं सहसा नाही, म्हणून तर लोक ते हौसेने अंगणात लावतात. हिसा-सानना वाटलं, याने ठरवलंय.

पुढे अठरावं वर्ष लागलं आणि बरोबर कळ्या आल्या.

त्यांनी त्या खुडल्या. पहाटे, धुकं अंगणात असताना, शिडी लावून, एकेक. पांढऱ्या, जांभळट टोकाच्या, गोड वासाच्या कळ्या. काट्यांनी हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलवटून निघायचे आणि बोटांना ते कळायचंही नाही. शर्टाच्या बाह्या रक्ताने भरल्या, की कळायचं. गावात कोणी विचारलं, तर सांगायचे, "मांजर."

"कसलं मांजर, हिसा-सान?"

"रानातलं. येतं मे महिन्यात."

त्या मांजराला गावातल्या एकाही माणसाने कधी पाहिलं नाही. सात वर्षं ते दर मे महिन्यात येत होतं आणि हिसा-सानना ओरबाडून जात होतं. आम्ही त्याची बरीच थट्टा केली. मंडळाच्या पावसाळी बैठकीत, म्हणजे मी एकटाच असताना, मी ठरावही केला होता, की मांजराला नोटीस द्यावी.

यंदाच्या मे महिन्यात शिडी घसरली. हिसा-सान खाली आले आणि घोटा मोडला. पाय प्लास्टरमध्ये, माणूस खिडकीजवळच्या गादीवर, आणि डोळ्यांसमोर अंगणात युझू फुललेलं. निम्म्या कळ्या खुडायच्या राहिल्या होत्या. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "वारा कसा आहे?"

"बरा आहे."

"जोराचा नाही?"

"नाही. छान आहे."

माझ्याकडे असं बघितलं, जसा वारा मीच अडवून ठेवलाय.

पाकळ्या गळल्या आणि मोहरीएवढी हिरवी फळं दिसू लागली. जूनमध्ये झाड आपणहून बरीच टाकतं. खिडकीखालून गळलेल्या गोळ्या वेचून आणायला ते मला सांगायचे आणि एखाद्या कंजुषाने नाणी मोजावीत तसे गादीवर मांडून मोजायचे. मला वाटलं, म्हातारा पडल्या पडल्या कंटाळलाय. ऑगस्टात शेंड्याजवळच्या एका फांदीवर पाच उरली. ती गळली नाहीत.

मग फुमिए-सानना दम लागायला लागला. देवळाची चढण त्या मध्येच थांबून चढायच्या. पायांवर सूज यायची, बोट दाबलं की खळगा राहायचा. "वय झालं," त्या म्हणायच्या. ऑक्टोबरात फळांचा हिरवा रंग एका बाजूने पातळ झाला. त्याच आठवड्यात त्या विहिरीशी बसल्या त्या उठेचनात. मी आणि टपालवाल्याने त्यांना उचलून आणलं. हिसा-सान काठी टेकून दारात उभे होते आणि बायकोकडे नाही, झाडाकडे बघत होते.

नोव्हेंबरात शहरातल्या मोठ्या इस्पितळाने त्यांना तपासणीला बोलावलं. त्या सकाळच्या बसने गेल्या आणि बस वळणाआड होते न होते तोच हिसा-सानांचा मला फोन. "करवत घेऊन ये. पेट्रोल भरून."

गेलो. ते झाडाखाली उभे होते, प्लास्टर निघालेला पाय हलका टेकून.

"हे तोडायचं."

"हे? का?"

"अंगणात अंधार होतो."

"हिसा-सान, अंगणातला अर्धा उजेड याच्यामुळे आहे. आणि या पाच फळांना आम्ही संस्थेत पहिला दर्जा दिला असता."

तेव्हा त्यांनी सांगितलं. बी, वाडगा, गारठा, कळ्या, मांजर, सगळं. खाली बघत, एका दमात, जसं पोलिसांत सांगावं. मी मध्ये एकदा हसलो. ते थांबले नाहीत, तेव्हा हसू गिळलं.

"तोडलं की टळतं?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"आणि उलट झालं तर?"

"शुनपेई, मी माझ्या हातांनी तोडलं असतं. हात करवत धरत नाहीत. माझ्याकडे दुसरं कोणी नाही."

मी करवतीची दोरी ओढली. शिकलेला माणूस मी, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी बरेचदा चारचौघांत बोललोय. पण करवत सुरू झाली आणि ते पातं मला त्या सालीला लाववेना. दर जानेवारीत माझ्याच कुऱ्हाडीने पडलेले, भरून आलेले टवके तिथे ओळीने होते. मी ती धडधडती करवत तशीच धरून उभा राहिलो.

तेवढ्यात अंगणात टपालवाल्याची लाल गाडी शिरली. फुमिए-सानांची तपासणी लवकर आटपली होती आणि खालच्या गावातून त्याने त्यांना वर आणलं होतं. त्या उतरल्या. पिशवी तिथेच टाकली. दहा पावलांत दम लागणारी ती बाई सरळ चालत आली आणि झाडाला पाठ लावून उभी राहिली. काटे तिच्या स्वेटरात अडकलेले मला दिसत होते.

"शुनपेई, बंद कर ते."

मी बंद केलं.

"अहो, काय चाललंय हे?"

"अंगणात अंधार..."

"पंचवीस वर्षं नाही झाला तो."

"शिवाय ते मांजर..."

"मांजर नाही. मांजर कधीच नव्हतं." त्यांचा श्वास चढला होता, पण आवाज चढला नाही. "तुमचे शर्ट कोण धुतं? मे महिन्यात खिसे उलटे केले की कळ्या निघतात. मांजराला एवढा छान वास येत असता, तर मी दहा पाळली असती."

हिसा-सानांचं तोंड उघडं राहिलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? खुडा म्हणू, की खुडू नका म्हणू?"

टपालवाल्याने गाडी सुरू करायचं लांबवलं. मी त्याला डोळ्यांनी जायला सांगितलं, तो नाइलाजाने गेला. हिसा-सान जवळच्या उपड्या पेटीवर बसले. "अगं, तू बी टोचलंस ना, ते... तुला कोणी सांगितलं नसेल, पण इथे असं मानतात, की..."

"मला सांगताय?" फुमिए-सान म्हणाल्या. "मी या खोऱ्यात जन्मले. तुम्ही घाटापलीकडचे. तुम्हाला ही गोष्ट सांगितली कोणी? लग्नाच्या वर्षी, या ओसरीवर बसून?"

हिसा-सान बराच वेळ आठवत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, की आठवलं.

"तू," ते म्हणाले.

"मी. डॉक्टर 'बघू' म्हणाला. रोज उन्हात बसून मी 'बघू'चाच विचार करायचे. रात्री डोळा मिटायची भीती वाटायची. मग वाटलं, फळ धरतं त्या वर्षी माणूस जातो, तर फळ धरेपर्यंत तो जात नाही. नियम आहे ना, मग तो दोन्ही बाजूंनी लागू व्हायला नको? अठरा वर्षं. कोणता डॉक्टर देतो एवढी?"

"म्हणजे थंडीत तू पेंढा..."

"तुम्हाला वाटलं, मी झाडाला गुंडाळत होते?"

त्या पाठीमागे हात नेऊन साल चाचपत होत्या. "दर जानेवारीत हा शुनपेई कुऱ्हाड उगारतो, तेव्हा माझा जीव गोळा होतो. आणि आज तुम्ही करवत लावताय. माझ्यावर."

मी करवत हळूच पायाने मागे सरकवली.

"आणि तू रे," त्या माझ्याकडे वळल्या. "शिकलेला तू. कोणतं खोक्यात जातं आणि कोणतं रसात, हे कळतं ना तुला?"

"मी लावली नव्हती अजून," मी म्हणालो. हे खरं होतं, पण ऐकायला फारसं बरं वाटलं नाही.

काटे सोडवून त्यांना आत आणलं. चहा झाला. हिसा-सानांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला?"

"हृदयातली एक झडप नीट उघडत नाही. बदलतात म्हणे ती."

"मग?"

"मी नको म्हणून आले."

हिसा-सानांच्या हातातला कप टेबलावर जरा जोरात टेकला. "का?"

"फळ धरलंय," फुमिए-सान म्हणाल्या, दुकान बंद करताना फळी लावावी तशा. "अठरा माझी झाली. वर सात तुम्ही चोरून दिलीत, काट्यांतून. आणखी मागायला तोंड नाही. उगाच शहरात जाऊन पोट, नाही, छाती फाडून घ्यायची, आणि व्हायचं तेच होणार." पण त्यांच्या कपातला चहा हलत होता. घरात सगळं शांत असताना तो चहा एकटाच हलत होता.

"तू घाबरली आहेस," हिसा-सान म्हणाले.

"घाबरेन नाहीतर काय करेन?"

"मीही," हिसा-सान म्हणाले. ते बोलल्यावर दोघंही खिडकीबाहेर बघायला लागले, जसं कोणीतरी नको ते बोललंय.

थोड्या वेळाने हिसा-सान वकिली करायला लागले. फळ धरलंय खरं, पण पिकलं नाही. पिकल्याशिवाय कसं धरायचं?

"पिवळं झालंय."

"अर्धं. शुनपेई, संस्थेच्या नियमाने सांग, हे पिकलेलं धरतात का?"

"निम्म्याच्या वर पिवळं असलं, की धरतात," मी म्हणालो.

त्यांनी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं, मधलं अंतर त्यांना जरा जास्त वाटलं. म्हणून वाचलो. मग ते उठले, शेंड्याला खाच असलेला बांबू कोपऱ्यातून घेतला आणि अंगणात गेले. खिडकीतून आम्हाला दिसत होते. पांढऱ्या बोटांनी बांबू नीट धरता येईना, फळ खाचेत बसेना, बसलं तर पीळ बसेना. मी उठलो तर फुमिए-सान म्हणाल्या, "राहू दे. करू दे त्यांना." शेवटी एक फळ धप्प करून खाली पडलं.

ते त्यांनी ओट्यावर आडवं चिरलं. घर वासाने भरलं. युझूच्या आत रसापेक्षा बियाच जास्त असतात, एकेक टपोरी, बुळबुळीत. त्यांनी त्या बशीत काढून बायकोसमोर ठेवल्या.

"निवड एक."

"कशाला?"

"टोच. वाळायच्या आत. नवीन बी, नवीन मुदत. नियम दोन्ही बाजूंनी लागू होतो, असं कोण म्हणालं?"

फुमिए-सान बशीकडे बघत राहिल्या. "ही लबाडी आहे."

"तू केलीस ती काय होती?"

"अहो, मी चौऱ्याहत्तरची आहे. अठरा वर्षं आणखी करू काय मी?"

"ते मग बघू," हिसा-सान म्हणाले आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन गप्प झाले. फुमिए-सानांना हसू आलं. हसताना दम लागला, तरी हसल्या.

त्यांनी एक बी उचललं. तडा नसलेली कुंडी मी आणली, माती भरली. बी मातीवर ठेवून त्यांनी बोट लावलं आणि थांबल्या.

"मी एकटी नाही टोचणार. ब्याण्णवची होऊन मी चहा कोणासाठी करू? तुम्हीही लावा."

"मग मला दुसरं बी दे."

"नाही. दोन झाडं झाली तर एक आधी फळेल." एवढं म्हणताना त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. "याच बियावर बोट ठेवा. ठेवा ना."

दोघांनी मिळून ते दाबलं. एक बोट सुजलेलं, एक पांढरं. बी आत गेल्यावर फुमिए-सानांनी मला विचारलं, "शुनपेई, दोघांनी एक बी लावलं तर अठरा दोघांना मिळतात, की नऊ-नऊ?"

"शाळेत हे शिकवलं नाही," मी म्हणालो.

"अठराच," हिसा-सान म्हणाले. "झाड एक आहे. ते काय दोनदा पहिलं फळ देणार?"

मी त्यावर विचार केला. मला त्यात खोट सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी फुमिए-सानांनी स्वतः इस्पितळाला फोन केला. तारीख डिसेंबरातली मिळाली. जानेवारीतली द्या, निदान हे वर्ष सरू द्या, असं त्यांनी तीन-तीनदा सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, झडपेला कॅलेंडर कळत नाही, आजी. फोन ठेवल्यावर त्या कुंडीकडे बघायला लागल्या. नवीन मुदत चालू झालीय, की जुनी अजून संपायचीय? मी विचारलं नाही. त्यांच्या मनात तेच होतं हे दिसत होतं, आणि हिसा-सान दिवसातून दहादा कुंडीपाशी जायचे त्यावरून त्यांच्याही. गच्च काळी माती. वर काही नाही.

ऑपरेशनच्या दिवशी गाडी मी चालवली. मागे दोघं आणि मध्ये कुंडी. घाट उतरेपर्यंत दोघांचे हात कुंडीवर होते. इस्पितळाच्या दारात नर्स म्हणाली, माती आत चालणार नाही.

"झाड नाही आहे, नुसती माती आहे," हिसा-सान म्हणाले.

"माती तर मुळीच नाही, आजोबा. बाहेर ठेवा, कोणी नेणार नाही."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. चाकांच्या पलंगावर पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "तुम्ही तिच्याजवळ थांबा. इथे तुम्ही नुसते येरझाऱ्या घालाल." मग त्यांनी माझी बाही धरली आणि ती पलंग हलेपर्यंत सोडली नाही. हात बर्फासारखा होता.

हिसा-सान सायकलींच्या छपराखाली बाकावर बसले, कुंडी कोटाच्या आत घेऊन. मी आत-बाहेर करत होतो. प्रत्येक वेळी मी दिसलो की ते अर्धे उठायचे आणि मी मान हलवली की बसायचे. गार वारा होता. मी चहा आणला, तो त्यांनी कुंडीशेजारी ठेवला आणि तो तिथेच निवला. एकदा म्हणाले, "तिथे आत आवाज येतात का काही?"

"नाही. सगळं बंद असतं."

"करकरल्यासारखं?"

"नाही, हिसा-सान."

दुपार कलल्यावर मला आत बोलावलं. फुमिए-सानच्या नाकात नळ्या, चेहरा कागदासारखा. डोळे किलकिले होते. मी जवळ वाकलो. त्यांनी ओठ दोनदा हलवले, तेव्हा आवाज आला.

"उगवलं?"

"अजून नाही," मी म्हणालो. "थंडीत दीड-दोन महिने सहज लागतात."

त्यांनी डोळे मिटले. मी वर पडद्याकडे पाहिलं, हिरवी रेघ वर-खाली होत होती. "बरं," त्या म्हणाल्या. "मग घाई नाही."

मी धावत बाहेर आलो. हिसा-सान उठून उभे होते, कोट पुढून फुगलेला.

"शुद्धीवर आल्या. बोलल्या."

"काय?"

"घाई नाही म्हणाल्या."

"घाई नाही?"

"हो."

"तिने म्हटलं, की तू म्हणतोयस?"

"त्यांनीच म्हटलं."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी सावकाश कोटाची बटणं काढली, कुंडी बाहेर काढून बाकावर ठेवली आणि निवलेला चहा एका घोटात संपवला.